मानशीचे दार

बांबोळीच्या टेकडीवर, दुसऱ्या मजल्यावरच्या वर्गात
फुर्तादो मॅडमनी स्वतःची खुर्ची फळ्याजवळ ओढली
आणि म्हणाल्या, आज हे शिकवतील.

सोयरू चोडणकर. वय एकाहत्तर. शाळा दुसरीपर्यंत, तीही अर्धी.
पहिल्या फेरीबोटीने आले होते,
पिशवीत गोळ्यांच्या पट्ट्या आणि कागदात दोन उंडे.

खडू घेतला नाही. दोन्ही तळहात उभे धरले,
बोटांची टोके एकमेकांना टेकवून.
"हे मानशीचे दार. नदीच्या बाजूला उघडते.
ओहोटीला खाजनातले पाणी बाहेर सोडते,
आणि भरती आली की तीच भरती
दार लोटून लावून घेते.
कुणी हात लावायचा नाही.
छत्तीस वर्षं मी नुसता बघत बसलो.
बघत बसण्याचे पैसे मिळायचे मला.

"मग एका वर्षी फळी कुजली. बोटभर फट.
रात्री खारे पाणी आत, सकाळी शेत हिरवेच.
कोरगूट भात सोसतो बरेच दिवस, सांगत नाही.
मीही देवळाच्या पायऱ्यांवर मध्येच थांबू लागलो,
तर घरचे म्हणाले, वय झाले."

आम्ही भराभर लिहिले: झडप, गळती, धाप.
त्यांनी वह्या मिटायला लावल्या.

मानधनाच्या रजिस्टरात कारकुनाने
हुद्द्याच्या रकान्यात लिहिले होते, रुग्ण.
त्यावर काट मारायला त्यांना बराच वेळ लागला,
हात थरथरत होता. वर काय लिहायचे ते सुचले नाही.
रकाना तसाच राहिला.

पुढच्या वर्षी परीक्षेत तेच माझ्या वाट्याला आले.
वरच्या वर्गाने नोट्स दिल्याच होत्या:
सोयरू. डाव्या कुशीवर वळव. फूत्कार, थेट काखेपर्यंत.
मी पडदा ओढला. हात चोळले.
सदऱ्याची वरची दोन बटणे काढली, तिसरे नाही,
आणि स्टेथोस्कोप बाजूने आत सरकवला.
चार ठोके ऐकले असतील.
म्हणाले, फूत्कार, थेट काखेपर्यंत.

पाच गुण त्यांच्या हातात असायचे. त्यांनी दोन दिले.
"एक हात गरम केलेस म्हणून.
एक, निघताना चादर सारखी केलीस म्हणून."
मग तिसरे बटण त्यांनीच काढले.
छातीच्या मधोमध उभा व्रण,
अजून गुलाबी, चकाकणारा.

"जुलैत नवे दार बसवले. धातूचे.
रात्री सगळे निजले की मलाच ऐकू येते, टिक, टिक.
बायको म्हणते, भिंतीवरचे घड्याळ काढूया आता, एक पुरे.
तू ऐकलेस ते माझे जुने दार, पोरी.
माझेसुद्धा नव्हे. तुझ्या वहीतले."

मॅडम खिडकीबाहेर बघत राहिल्या.

मी नापास झाले नाही. तेवढ्या तीन गुणांनी कोण होतो?
तरी महिन्याभराने एका रविवारी
रायबंदरहून फेरीने पलीकडे गेले.
त्यांनी का आलीस म्हणून विचारले नाही.
बांधावरून पुढे चालत राहिले, तिवरांच्या मुळांतून,
खेकड्यांची बिळे काठीने दाखवत,
आणि एका लाकडी चौकटीपाशी म्हणाले, बस.

बसले. डास. चिखलाचा वास.
पाणी बाहेर जात होते, आवाज करत.
मग कधीतरी आवाज कमी झाला,
मग नव्हताच, आणि पाणी थांबले
की काय, तेही नक्की सांगता येईना.
मी तोंड उघडले तसे त्यांनी काठी वर केली.
काळोखात फळीला फळी लागली.
मोठा आवाज नव्हे. कुणी आतून दार ओढून घ्यावे तसा.

"ऐकलेस?"
"हो."
"काय?"

शब्द होते जिभेवर, पुस्तकातले, चांगले.
म्हणाले, परत एकदा ऐकायला हवे.

"आता बारा तासांनी," सोयरू म्हणाले.
"डबा आणलायस का?"